तीन भाकऱ्या आणि खिशातला तेलकट कागद

पत्र थोडक्यात असं. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून ४६ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. यजमान ५१ वर्षांचे, सहकारी साखर कारखान्यात हिशेब खात्यात. अंगाने सडपातळ. आठ महिन्यांपूर्वी विम्यासाठी रक्त तपासलं तेव्हा उपाशीपोटी साखर १६८, जेवणानंतर २४६ आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ८.४ निघालं. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी दिली. ताईंनी पथ्य सुरू केलं: भात बंद, सकाळी कारल्याचा रस, दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी, चहात साखरेऐवजी गूळ. तीन महिन्यांनी ७.६ आलं. मग ऑफिसातल्या एकाने 'दिवसातून दोनदाच जेवतो, माझ्या गोळ्या सुटल्या' असं सांगितलं. यजमानांनी न्याहारी बंद केली, सकाळची गोळी मात्र चालूच ठेवली. चौथ्या दिवशी साडेअकराला टेबलावर घाम फुटला, हात थरथरायला लागले. कुणीतरी साखरेचा चहा पाजला. तेव्हापासून 'तुझ्या पथ्यानेच हे झालं' म्हणत त्यांनी सगळंच सोडलंय. परवा धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात वडापावचा तेलकट कागद सापडला आणि घरात दोन दिवस अबोला. ताई विचारतात: ह्यांना ताळ्यावर कसं आणू? फिरायला जा म्हटलं तर जात नाहीत. आणि आहार-व्यायामाने गोळ्या खरंच सुटतात का?

सहीच्या वर एक ओळ आहे: 'मला स्वतःला काही नाही. धाकट्याच्या वेळी शुगर निघाली होती, पण बाळंतपणानंतर गेली.'

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मी पूर्ण तुमच्या बाजूने होते. दुसऱ्यांदा मधेमधे तुमच्या यजमानांची बाजू घ्यावीशी वाटली. तुम्हाला ताई म्हटलं म्हणजे ते दाजी झाले, तेव्हा पुढे तसंच म्हणते. सहीवरच्या त्या ओळीकडेही यायचंय, पण आधी साडेअकराच्या घामाचं. या पत्रात आज-उद्या निस्तरायची गोष्ट तेवढीच आहे. बाकीच्याला महिने आहेत.

दाजींची साखर त्या दिवशी खाली गेली होती असं सगळ्या लक्षणांवरून दिसतं. त्यात दोष पथ्याचा नाही आणि एकट्या गोळीचाही नाही, दोघांची गाठ चुकीच्या वेळी पडली एवढंच. त्यांच्या गोळीत दोन औषधं आहेत. मेटफॉर्मिन हे मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर आवरतं, आणि एकटं असेल तर सहसा कुणाला थरथर होईपर्यंत खाली नेत नाही. ग्लिमेपिराइडचा स्वभाव वेगळा. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, मग तुम्ही जेवा नाहीतर न जेवा. पंगत बसलेलीच नाही आणि वाढपी वाढत सुटलाय, असा तो प्रकार. म्हणून ही गोळी घेऊन न्याहारी बुडवणं हे मनाने करण्याचं काम नाही. आणि हे टेबलावर झालं म्हणून निभावलं. मोटारसायकलवर झालं असतं तर?

तेव्हा या आठवड्यातच दोघांनी डॉक्टरांकडे जा आणि घडलेलं जसंच्या तसं सांगा, न्याहारी सोडल्याचंही. डॉक्टर डोस बदलतील किंवा ग्लिमेपिराइड काढून दुसरं काही देतील, तो निर्णय त्यांचा. मी आहाराचा सल्ला देते, गोळीला हात लावत नाही. तोपर्यंत गोळी असेल त्या वेळी जेवण हवंच. आणि पुन्हा घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर लगेच मोजायचं. ७० च्या खाली असेल, किंवा मोजायला यंत्र जवळ नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. सावरल्यावर काहीतरी खायचं. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपातेलाने साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. दाजी साखर कारखान्यात आहेत, साखरेला तोटा नाही, पण तीन चमच्यांची पुडी त्यांच्या स्वतःच्या खणात हवी आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ती कशासाठी आहे हे ठाऊक हवं.

आता दोनदा जेवणाचं. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांत दोन तट पडले होते: डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दिवसातून दोनदा, पंचावन्न मिनिटांत आटपायचं जेवण, आणि ऋजुता दिवेकरांचं थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खाणं. सख्ख्या जावांत बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय यावरून. दोनदा जेवून वजन आणि साखर उतरलेली माणसं माझ्याकडे येतात, खोटं कशाला बोलू. पण त्या पद्धतीतही सुरू करण्याआधी एचबीएवनसी आणि उपाशीपोटीचं इन्शुलिन तपासून घ्यायला सांगतात. मधला निरोप देणारे सहकारी नेमकं तेवढं गाळतात. त्या सहकाऱ्याच्या गोळ्या दाजींच्यासारख्याच होत्या का, त्याचा आजार किती वर्षांचा, त्याने वजन किती उतरवलं, हे कुणी विचारलं होतं का?

'गोळ्या सुटतात का' याचं उत्तर, काही लोकांच्या सुटतात. ही बुवाबाजी नाही. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या ईशान्य भागात डायरेक्ट नावाचा एक प्रयोग झाला, त्याचे निकाल २०१७ मध्ये आले. मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा जास्त झालेली नाहीत, इन्शुलिन चालू नाही आणि वजन जास्त आहे अशी माणसं घेतली. तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरीवर ठेवली, पहिल्याच दिवशी मधुमेहाच्या गोळ्या थांबवल्या, पण दवाखान्याच्या नजरेखाली. वर्षाने ४६ टक्के लोक गोळ्यांविना मधुमेहाच्या रेषेखाली होते. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. दोन वर्षांनी एकूण आकडा ३६ टक्क्यांवर आला, कारण वजन परत चढतं. म्हणजे दार आहे, आणि आजार नवा असताना ते जास्त उघडं असतं. दाजींचे आठच महिने झालेत, ही जमेची बाजू. डॉक्टरी भाषेत गोळ्या बंद करून किमान तीन महिने एचबीएवनसी ६.५ च्या खाली राहिलं तर त्याला उतार पडला म्हणतात, बरा झाला म्हणत नाहीत. तपासण्या चालूच ठेवायच्या असतात.

पण तुमच्या प्रश्नात एक गृहीत धरलंय ते मला खटकतं: गोळी चालू म्हणजे हरलो, बंद म्हणजे जिंकलो. ८.४ वरून ७.६ वर आलात ते गोळी आणि ताट या दोघांच्या जोरावर. बहुतेकांसाठी सातच्या खाली राहिलं की डोळे, मूत्रपिंड, पायांच्या नसा यांना बरंच संरक्षण मिळतं. गोळीसकट सहा पूर्णांक आठ हे गोळीविना साडेआठपेक्षा कितीतरी चांगलं. गोळी सुटली तर पेढे वाटू (एकेक). नाही सुटली तरी घरात सुतक नको.

आता भाकरी. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

माझ्या टेबलावर स्वयंपाकघरातला काटा आहे, ग्रॅम दाखवणारा. येणाऱ्या बायकांना मी सांगते, घरी एका भाकरीला घेता तेवढं कोरडं पीठ डब्यातून घेऊन या. पुण्यात फ्लॅटमधली भाकरी चाळीस ग्रॅमची निघते. तुमच्या बाजूची, परातीत दोन्ही हातांनी थापलेली, टम्म फुगलेली भाकरी मी ऐंशी-नव्वद ग्रॅमला मोजलीय. एका ताईंनी तर काटा बिघडलाय म्हणून पीठ तीनदा ओतून पाहिलं. पंच्याऐंशी ग्रॅम पिठात साधारण साठ ग्रॅम पिष्ट असतं, आणि पिष्ट म्हणजे पोटात गेल्यावर साखरच. तुम्ही लिहिलंय, 'भाकरी चालते म्हणून तीन देते, पोट भरलं पाहिजे ना.' तीन भाकऱ्या म्हणजे १८० ग्रॅम. वाटीभर शिजलेल्या भातात चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम. म्हणजे तुम्ही वाटीभर भात बंद केलात आणि एका बैठकीला चार वाट्या भाताएवढं पिष्ट ताटात ठेवलंत, तेही दोन्ही वेळेला. ज्वारी वाईट नाही, तिच्यात पांढऱ्या तांदळापेक्षा चोथा पुष्कळ जास्त आणि साखर जरा सावकाश चढते. पण सावकाश चढली तरी चढतेच. भाकरी 'चालते' हा शब्दच मला आवडत नाही. किती चालते ते विचारायचं.

मग पोट कशाने भरायचं? ताटाची डावी बाजू बघा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. आपल्याकडे कोशिंबीर चमचाभर वाढतात, जणू शोभेला. ती वाटीभर करा. काकडी, मुळा, गाजर, कोबी, टोमॅटो, जे स्वस्त असेल ते, दाण्याचं कूट घालून. (लोणचं आणि मीठ होतं तेवढंच ठेवा, ती वाढवायची बाजू नाही.) उजवीकडे पालेभाजी नाहीतर फळभाजी वाटीभर, आणि मटकी, मूग, चवळी किंवा तुमच्याकडचा घेवडा, याची घट्ट उसळ मोठी वाटीभर. आमटीचं नुसतं पाणी नव्हे, दाणा दिसला पाहिजे. पिठलं झकास, बेसनात प्रथिनं भरपूर. अंडी खात असाल तर दोन अंडी. रविवारचं चिकन कशाला सोडायचं, फक्त रश्श्यात भाकरी चुरताना दुसरी कधी संपली ते कळत नाही तेवढं लक्ष ठेवा. मग भाकरी एक, लहान हाताची असेल तर दीड. कुणाला भातच प्यारा असेल त्याने एक वाटी भात घ्यावा आणि भाकरी सोडावी, बिघडत नाही.

एक छोटी युक्ती, फुकटची: आधी कोशिंबीर आणि उसळ खायला लागा, भाकरीला हात पाचेक मिनिटांनी. तीच भाकरी मागून खाल्ली तर जेवणानंतरची साखर कमी उसळते, हे तपासून पाहिलेलं आहे. पहिल्या आठवड्यात दाजी कुरकुरतील, कोरडी भाजी कोण खातं म्हणून. खातील हळूहळू.

गूळ म्हणजे ऊसच, वाटेत थोडा कमी गाळलेला. कराड-कोल्हापूरकडच्या माणसाला गुळाविरुद्ध बोललेलं आवडत नाही, पण रक्ताला फरक कळत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कारखान्यातली किटली. ऑफिसात चहा साखर घालूनच येतो. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे धरले तर पन्नास ग्रॅम साखर झाली, आणि ती तुमच्या हिशेबात कुठेच नाही. दाजी हिशेबनीस आहेत, त्यांनाच मांडू द्या हा जमाखर्च. कप पाचाचे दोन, घरचा चहा आठवड्याला अर्धा अर्धा चमचा कमी. महिन्याने पूर्वीचा चहा पाक वाटतो. कारल्याचा रस बंद करा. साखर कमी करणाऱ्या गोळीबरोबर उपाशीपोटी ग्लासभर रस कशाला? शिवाय रोज सकाळी तोंड कडू करून दिवस सुरू झाला की पथ्य ही शिक्षाच वाटते. कारल्याची भाजी करा, चिंच-दाणे घालून, सगळ्यांना. 'शुगर फ्री' बिस्किटांत मैदा असतो. उपवासाचा साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यापेक्षा राजगिरा, दाणे, दही, काकडी. सणाची पुरणपोळी एक, त्या दिवशी भात नको आणि कटाची आमटी वाटीभर जास्त. आणि ग्लिमेपिराइड चालू असताना कडक एकादशी नको, विठोबाला कळेल.

वर 'सगळ्यांना' म्हटलं ते मुद्दाम. घरात सासूबाई, दोन मुलं आणि तुम्ही दोघं. तुम्ही एकाचं वेगळं रांधता. सगळ्यांसमोर बटाट्याची भाजी, आमटी-भात आणि दाजींपुढे भाकरी नि दुधी. घरात एकाच ताटाला पथ्य म्हटलं की तो आजारी ठरतो आणि बाकीचे जेवणारे. तुमचा हेतू प्रेमाचा आहे, मला दिसतंय. पण रोज दोन वेळा, पोरांसमोर, तुम्ही त्यांना आठवण करून देताय की तुम्ही आता आमच्यातले नाही. माणूस मग त्याच्यातल्या लोकांत जातो, एसटी स्टँडवरच्या गाडीवर. वडापावला सोबत लागते ना. मी वर लिहिलेल्या ताटात एकही पदार्थ आजाऱ्याचा नाही. तेच पाचही जणांना वाढा. मुलांना भाकरी-भात जास्त द्या, ती वाढती आहेत. डावी बाजू सगळ्यांची सारखी. वेगळा स्वयंपाक बंद झाला की तुमचा दिवसाचा तास वाचेल, तो मी पुढे मागणार आहे.

आणि तो कागद. ताई, खिसे तपासू नका. हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाही. लपवणाऱ्या माणसाचे आकडेही खोटे होतात. मी पाहिलेत असे गृहस्थ, तपासणीच्या आधी तीन दिवस नुसत्या ताकावर राहून उपाशीपोटीची साखर झकास आणतात आणि बायकोपुढे रिपोर्ट फडकवतात. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचं सांगतं म्हणून तिथे ते उघडे पडतात, आणि मग परत अबोला. तुमचं 'ताळ्यावर आणू' ऐकून माझी आई आठवली. वडिलांच्या मागे ती पंधरा वर्षं पहारा देत राहिली. वडील मोरीत उभे राहून बुंदीचा लाडू खायचे. चवही घेत नसतील हो, नुसता गिळायचे.

त्याऐवजी असं करून पाहा. वडापाव उघड खायचा. आठवड्यातून एकदा, ठरवून, शक्य तर दोघांनी मिळून. खाण्याआधी ग्लुकोमीटरवर बोट टोचायचं, पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. आकडा दाजींनी स्वतःच वहीत लिहायचा, तुम्ही काहीही बोलायचं नाही, भुवईसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तीन भाकऱ्यांच्या जेवणाचं तसंच मोजा. तिसऱ्या दिवशी एक भाकरी आणि वाटीभर उसळीचं. चौथ्या दिवशी तेच जेवण, पण नंतर चालून. दोन तासांनंतर १८० च्या आत राहणं हे साधारण लक्ष्य. एवढ्या आठ पट्ट्यांत त्यांना जे कळेल ते मी आणि तुम्ही मिळून वर्षभर सांगून कळणार नाही. हिशेब खात्यातला माणूस आकड्याशी भांडत नाही. पट्ट्या महाग आहेत, तेव्हा नंतर आठवड्याला दोन-तीन पुरतात (डॉक्टरांनी जास्त सांगितल्या तर तेवढ्या), आणि दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी. एक इशारा: सकाळचा उपाशीपोटीचा आकडा सगळ्यांत हट्टी असतो. पहाटे यकृत स्वतःहून साखर सोडतं, म्हणून रात्री जपून जेवूनही तो वर दिसू शकतो. त्यावरून 'रात्री काय खाल्लंत, खरं सांगा' असा खटला भरू नका.

चालण्याबद्दल तुम्ही लिहिलंय की पहाटे साडेपाचला उठवलं तर सहा दिवस गेले आणि सोडलं. अहो, कोणीही सोडेल. पहाटेच फिरलं पाहिजे हे कुणी ठरवलं? आपल्याकडे जेवणानंतरची शतपावली होती, तीच बरोबर होती, फक्त शंभर पावलं कमी पडतात. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने २०१६ मध्ये टाइप टू मधुमेहाच्या ४१ जणांवर पाहिलं: दिवसातून एकदा कधीही तीस मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यावर जेवणोत्तर साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. चालण्याची एकूण वेळ तेवढीच, जागा फक्त बदलली.

दाजींना त्यांच्या भाषेत सांगायचं तर असं. जेवण झालं की गळिताचा हंगाम सुरू, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर रांगेत. गव्हाण, म्हणजे ऊस कारखान्यात आत ओढणारा पट्टा, बंद असेल तर रांग हायवेपर्यंत जाते. आपले स्नायू म्हणजे गव्हाण, त्यातही मांड्यांचे सगळ्यांत मोठे. एरवी ट्रॉली आत घ्यायला इन्शुलिनचा गेटपास लागतो आणि मधुमेहात गेटवरचा माणूस तो पास मानेनासा झालेला असतो. पण स्नायू चालता झाला की तो पासाशिवायही साखर आत ओढतो, आणि नंतर दिवसभर गेटही जरा मऊ राहतं. म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. आठवड्याला दीडशे मिनिटांचं चालणं भरलं पाहिजे, आणि दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम. त्याला जिम नको. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, दहा वेळा, मधे थांबून तीनदा. जमायला लागलं की शाळेतल्या उठाबशा. गुडघे दुखत असतील, छातीत कधी दुखलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून.

दाजी बारीक आहेत म्हणून लोक 'तुम्हाला कशी हो शुगर?' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचं एक गमतीदार उदाहरण २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं होतं, स्वतःचंच. ते आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपण दिसायला बारीक आणि आतून लोणी, असे. तेव्हा दाजींचं वजन बघू नका, बेंबीच्या पातळीवर टेप लावा. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची ८०. दाजींनी १५ किलो उतरवायचे नाहीत, तेवढे उतरले तर राहतील काय. चार-पाच किलो, तेही पोटावरचे, आणि स्नायू राखून. म्हणून उसळ आणि उठाबशा.

वर्षातून एकदा डोळ्यांत औषध घालून पडद्याची तपासणी, लघवीतलं अल्ब्युमिन, पायांची तपासणी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल. मेटफॉर्मिन लांबवर चालू राहिलं तर बी१२ बघत राहा, शाकाहाऱ्यांनी विशेषतः. पायाला मुंग्या आल्या की सगळे साखरेला धरतात, कधी कधी ती बी१२ ची ओरड असते.

आता तुमची ती ओळ.

'बाळंतपणानंतर गेली.' नाही गेली ताई, दबली. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे टाइप टू मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या सुमारे दहापट असतो. म्हणून अशा बाईने बाळंतपणानंतर दर एक ते तीन वर्षांनी आयुष्यभर तपासत राहायचं असतं. तुमचा धाकटा आता नववीत आहे म्हणता. या चौदा-पंधरा वर्षांत तुम्ही एकदा तरी तपासलंत का? पत्रात दाजींचे आकडे तारखेसकट आहेत, तुमचा एकही नाही. आणि घरात उरलेला भात सकाळी फोडणी देऊन कोण खातं, हे मी विचारत नाही, मला ठाऊक आहे. 'माझं दिवसभर चालूच असतं, व्यायाम होतोच' असं मनात आलं असेल तर ओट्यापाशी उभं राहणं आणि चालणं यांत फरक आहे. दम थोडा लागला पाहिजे.

डॉक्टरांकडे जाल त्याच दिवशी तुम्हीही उपाशीपोटी जा. उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर, एचबीएवनसी, आणि हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन अशासाठी की अंगात लोह कमी असेल तर एचबीएवनसी उगाच चढं दिसू शकतं. एकाच बाकावर दोघं शेजारी बसा, दोघांच्या दंडाला रबर लावू द्या. उपाशीपोटी १२६ किंवा वर, नाहीतर एचबीएवनसी ६.५ किंवा वर आलं तर पुन्हा तपासून खात्री करतात. उपाशीपोटी १०० ते १२५ मध्ये आलं तर ती उंबरठ्यावरची स्थिती, आणि उंबरठ्यावरून मागे फिरणं आत जाऊन परत येण्यापेक्षा सोपं.

मघाशी तुमचा वाचलेला तास मागितला होता. त्यातली वीस मिनिटं रात्री जेवणं झाल्यावर भांडी तशीच ठेवून बाहेर पडायला. दाजींना 'तुम्ही फिरायला जा' म्हणू नका, 'मला एकटीला अंधारात जाववत नाही, चला' म्हणा. खोटंही नाही ते. बाजारपेठेपर्यंत जाऊन परत. वाटेत शुगर हा विषय नको, पोरांच्या परीक्षा, जावेची सून, काहीही बोला. भांडी वीस मिनिटं वाट बघतील. सासूबाई काही बोलल्या तर त्यांनाही चपला घालायला सांगा.

रिपोर्ट आले की कळवा. आधी तुमचा आकडा, मग दाजींचा.